म्हसोबाचं गवत
तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला, की मला सहकारी कारखान्याच्या बागेतलं बसून चालवायचं गवतकापणीचं मशीन आठवतं. मी तिथं फिटर होतो. दुष्काळात बाग करपली आणि कारखान्यानं जनावरांची छावणी घातली. गेवराईकडचं सगळं शिवार उघडं पडलेलं, फक्त म्हसोबाच्या माळावर वाळकं गवत उभं होतं, कारण देवाचं गवत कोणी कापत नसे. शेवटी तेच कापायला काढलं. दुपारी ड्रायव्हर मशीन घेऊन परतला तेव्हा पातं वाकलेलं होतं आणि त्यावरच्या पत्र्याच्या झाकणाला पोचा आलेला. "धोंडा लागला," एवढंच तो म्हणाला. पोच्यात शेंदूर होता. मी झाकण ठोकून उचललं, पातं तापवून ऐरणीवर सरळ केलं, जनावरांच्या हौदातलंच पाणी त्याला पाजलं. पण ड्रायव्हर मशीनवर बसेना. छावणीत दोन म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा उठला, माळावर जाऊन म्हसोबाला शेंदूर लावून आला आणि उरलेला त्यानं झाकणाला फासला. "जनावरासाठीच राखलं हाय त्यानं गवत, तू कामून भेतो रं?" ड्रायव्हर गुमान मशीनवर बसला. मी देव तेव्हाही मानत नव्हतो, आजही नाही. पुढं त्या मशीनला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा तेवढी जागा सोडून.