मदरबोर्डाला लावलेलं गंध

मंडळी, आज आयुधपूजा. आमच्या पितळी भांड्यांच्या दुकानातल्या तराजूला, हातोड्यांना मीच गंध लावलं.

टेबलावर माझ्या लेकीचा, सुधाचा नवा मदरबोर्ड उघडा होता. वीतभर, पण भारीतला. त्याचा छोटा कॉम्प्युटर जुळवून ती चेन्नई सोडून इथूनच काम करणार होती. मी मधल्या रिकाम्या चौकोनात बोट दाबून ओलं गंध लावलं.

सुधानं बोर्ड उजेडात धरून पाहिला. "अप्पा, प्रोसेसर तिथंच बसतो! केसासारख्या पिना वाकल्या सगळ्या."

"पुसून देतो की."

"नको! हात लावू नका आता."

दुसरा बोर्ड येईपर्यंत तिची रजा संपते. उद्या परत चेन्नई. ओरडली असती तर बरं होतं, नुसती बॅग भरतेय. थकलो बघा.

तुम्हीच सांगा, बोर्डाच्या खोक्यावर गंध लावलं असतं तर देव नको म्हणाला असता का?