मागावरच्या दशा

नातवंडांनो,

तुम्ही पाठवलेली ओढणी मिळाली. सोबत विणणारीचा फोटो आणि छापील कागदही मिळाला. ही ओढणी एका बाईने हातमागावर विणली आहे, विकत घेतल्याने तिच्या घराला आधार होतो, असं त्यात लिहिलं आहे. आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का, असं तुम्ही विचारलंत. होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरला आम्हा बायकांचं एक मंडळ होतं. तिथल्या तोफखाना भागातल्या विणकर बायकांकडून लुगडी घेऊन आम्ही ती पुण्या-मुंबईच्या बायकांना विकत असू. मी कॉलेजात शिकलेली, म्हणून इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता.

त्या विणकर बायकांत एक साळ्याची सून होती, खर्ड्याहून लग्न होऊन आलेली. नवरा तापाने गेला आणि ती स्वतः त्याच्या मागावर बसली. घरात मूल नव्हतं, फक्त दृष्टी गेलेली सासू. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर धावणारी नाव, फेकणं हे पुरुषाचं काम. शेजारी दारात येऊन ऐकवायचे, "बाईमान्सानं सुताच्या कांड्या भराव्या. धोट्याला हात लावू न्हाई."

"मग तुमी या की फेकायला," ती म्हणायची. "च्या देते."

पुढे सुतावर सरकारी कंट्रोल आला. सूत मिळे ते चालू मागालाच. पण सुतावाचून माग चालू कसा राहणार? त्यावर विणकरांची एक रीत होती. कापड उतरवताना शेवटचे वीतभर उभे धागे ते मागाच्या फणीत तसेच ओवलेले ठेवत. या दशा. नवं सूत आलं की बोटांना राख लावून त्याचा एकेक धागा दशांना पिळून जोडायचा, की माग पुढे सुरू. फणीत दशा असल्या तर सुताचे सरकारी तपासनीसही माग चालू धरत. दशा गेल्या तर फणी मुळापासून भरायची, आणि ते जाणणारा तिचा दीर मुंबईला गिरणीत गेला होता.

नवऱ्याने लावलेला उभ्या धाग्यांचा शेवटचा ताणा तिने विणून संपवला होता. त्याच्या दशा तेवढ्या राहिल्या. उंदरांपासून जपायला ती त्यांवर जुनं धोतर पांघरायची आणि सकाळी उचलून पाहायची.

मी कचेरीत बऱ्याच खेपा घातल्यावर तपासनीस यायला तयार झाले. मी त्यांच्याबरोबर गेले. सून पाण्याला गेली होती. मागापाशी म्हातारी सासू बसली होती. जवळ समई तेवत होती, शेजारी ताटलीत उरलेल्या वाती. तपासनिसांनी धोतर उचललं. फणी रिकामी होती.

तेवढ्यात सून घागर घेऊन आत आली. ती फणीकडे बघत राहिली.

"आत्याबाई, दशा कुठं गेल्या?"

"वाती वळल्या. आज वर्साचा दिस न्हवं त्याचा. त्याच्या हातच्या सुताचा दिवा लागावा म्हनलं."

"समद्या?"

"समद्या. तू कामात हुतीस, म्हून इचारलं न्हाई."

सुनेने घागर खाली ठेवली.

तपासनीस वाईट माणूस नव्हते. मी त्यांच्याशी इंग्रजीत पुष्कळ बोलले. त्यांनी उत्तर मराठीत दिलं, पण दबल्या आवाजात. "बाई, काल आलो असतो तर चालू लिहिला असता. रिकामी फणी चालू लिहिली, तर गल्लीतले सगळे मोडके माग मला चालू लिहावे लागतील."

"काय म्हनत्यात त्ये?" म्हातारीने विचारलं.

"काय न्हाई, आत्याबाई. सूत येतंय म्हनत्यात."

सूत आलं नाही. मंडळ इतर बायकांची लुगडी विकत राहिलं आणि ही सून विड्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. म्हातारी मागाजवळ बसून असायची. मी कधी संध्याकाळी गेले तर ती रोजचाच प्रश्न विचारताना ऐकू यायची, सूत आलं का. सून विड्या बांधायचा दोराच सूत म्हणून तिच्या हातात द्यायची. म्हातारी तो बोटांत फिरवून पाहायची.

"लई बारीक हाय गं. ह्याचं लुगडं टिकायचं न्हाई."

"न्हाई," सून म्हणायची, आणि दोरा परत घ्यायची.