वर्गाची पट्टी

"पट्टीला हात लावलास तू?"

गुरुजींनी माझी पाटी दुरूनच पाहिली अन् ओरडले. मी व्हरांड्यात, दाराबाहेर. आमच्या मोहल्ल्यातल्या लेकरांची जागा तीच. नागपूर तिकडच्या राज्यात गेलं अन् आमचं पांढुर्णा इकडंच राहिलं, त्या छप्पन सालची गोष्ट. मी नववीत होती.

वर्गात लाकडाची एकच पट्टी. हातोहात फिरे, उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाये. आमचा हात तिले चालत नसे. माझा बा गवंड्याच्या हाताखाली काम करे. त्यानं मले सूत दिलं. खडूत घोळायचं, एक टोक दातात, दुसरं अंगठ्याखाली, मधून उचलून सोडायचं. रेघ पडते. एकदम सरळ.

त्या दिवशी फळ्यावर दोन बिंदू होते. एकावर तीन, तिनावर सात. दोन घरं पुढं गेलं का चार घरं वर. चढ दोन. य बरोबर दोन क्ष अधिक एक. पोट्टे अजून बोटंच मोजून राहिले होते. मी सुतानं रेघ मारली अन् पाटी उंच धरली. वाटलं, गुरुजी शाबास म्हणतील. कसलं शाबास!

समीकरण त्यांनी वाचलंच नाही. रेघ सरळ आली, हाच गुन्हा. एका पोट्ट्याले पट्टी पाण्यानं धुवायले लावली. बाले कामावरून बोलावून आणलं.

"माफी मागा दोघं. नाहीतर पोरीचं नाव कमी करतो."

बा धावतच आला होता. हाताले चुना तसाच. मी सूत काढलं. म्हटलं, गुरुजी, इथं फरशीवर रेघ मारून दाखवते. लांब रेघेले दोन माणसं लागतात.

"बा, हे टोक धर."

बानं धरलं नाही. ज्या हातांनी मले हे शिकवलं, ते हात त्यानं जोडले.

"चुकली पोरगी, मायबाप. लावला तिनं हात."

खोटं बोलला माझा बा. माझ्या शाळेसाठी बोलला. ते समजत होतं म्हणूनच मी आतून तुटली.

गुरुजी म्हणाले, "राज्यांच्या हद्दी बदलल्या तरी रीत बदलत नसते. आता तू माग."

मी सूत बाच्या जोडलेल्या हातात ठेवलं.

"लावला नव्हता. आता लावते."

उंबरा ओलांडला. टेबलावरची ओली पट्टी उचलली. फळ्यावरचे ते दोन बिंदू पट्टीनं जोडले अन् खाली समीकरण लिहिलं.

नाव त्याच दिवशी कमी झालं. बा घरापर्यंत रडत आला. तो खरंच खूप थकलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे सौंसरले निघाली, तिथल्या शाळेत नाव घालायले. सूत घरीच ठेवलं. तिथल्या मास्तरले काय सांगायचं, ते ठरलं होतं. बसीन तर वर्गात बसीन. अन् रेघ मारीन तर वर्गाच्या पट्टीनंच मारीन.