ताई, उंदरांची डॉक्टर

मेंदूतलं एवढं कळणाऱ्या माझ्या ताईला स्वतःच्या रक्तातला आजार इतक्या उशिरा कसा कळला? हे मी सगळ्यांना विचारलं. तिच्या दहाव्याला वडगाव रासाईत भीमेकाठी बसलो, तेव्हाही विचारलं. मामा म्हणाले, "आरं, रडू नगं. तिचं कायतरी सांग." किश्श्यांचं मेंढरांसारखंच. एक वाट धरतं, मागं अख्खा कळप!

*

पहिला मामांचाच. ताईची पीएचडी झाली, तशी त्यांनी तिच्यापुढं मान वाकवली. "मेंदूची डॉक्टर ना तू? माझं डोकं लई दुखतंय."

"मामा, मी माणसांची न्हाई, उंदरांची डॉक्टर हाय."

"मग आमच्या उसातल्या घुशींचं बघ की!"

*

मी सातवीत शाळा सोडली. केडगावात मोटारींचं वायंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरतो. ताईनं मला सांगितलं, "तुझ्या तारेवर वार्निश असतं ना, तसं नसांवर मायलिन असतं. ते ज्या प्रोटीननं टिकतं, त्यावर माझं काम."

"आन् ते उडालं तर?"

"परत कसं बसवायचं, तेच शोधतीय."

"हात्तिच्या! ते तर मी रोज करतो!"

ताई हसली नाही. दुसऱ्या दिवशी मला लॅबमध्ये नेऊन तिच्या गाईड सरांना म्हणाली, "हा माझा भाऊ. आमची लाईन एकच."

*

एकदा एसटीडीवर तिचा फोन आला. प्रयोगाला मेंढराचा ताजा मेंदू हवा होता. मी बर्फात मुंडी घालून शटल रेल्वेनं पुण्याला गेलो. तिनं डबा उघडला, तर धुराचा वास!

"बाळू, भाजलीस व्हय रं?"

"मग? केसासकट मुंडी देतात का कुणाला?"

आतला मेंदू शिजलेला. प्रयोग बुडाला. होस्टेलच्या मुलींनी रस्सा केला. सरांनी दोनदा मागून घेतला.

*

तरुण शास्त्रज्ञांचा मान ताईला जाहीर झाला, तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. सर म्हणाले, "तुमच्या वतीनं भाऊ घेईल." ताई म्हणाली, "मान घेईल, पण काम कोण सांगणार? ते मीच सांगणार."

मी तिला उचलून स्टेजवर नेलं. खुर्चीत बसवलं, तर तोंड माईकपर्यंत पोचेना. मग पुन्हा उचललं आणि तसाच माईकपुढं उभा राहिलो. ती कागद बघून इंग्रजीत बोलत होती. मला फक्त मायलिन कळत होतं.

वेळ संपल्याची घंटी वाजली. ताई थांबली. हातात अजून दोन पानं होती.

मी म्हणालो, "बोलू द्या की तिला! मला काय वझं होत न्हाई!"

माईक तोंडासमोरच होता. सगळा हॉल हसला. ताईपण हसली, खोकली, आणि तिनं पान उलटलं.

मी तिला सावरत हात बदलला.