दादांची छत्री आणि बारा मासे

माणसं एकत्र ठेवण्याचा माझ्या थोरल्या दिरांइतका ध्यास घेतलेला गृहस्थ अख्ख्या रेवदंड्यात नसेल. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घरातल्या अकराही जणांनी एकाच पंगतीला बसायचं. एक जण न्हाणीत असला तर बाकी दहांनी भाताकडे बघत बसायचं. रेवसला मुंबईच्या लाँचमध्ये चढताना ते आम्हाला एकमेकांचे हात धरायला लावत. कोणी रेंगाळलं की छत्रीची मूठ आपटत, ठक! त्या आवाजाला सगळे गोळा होत, चाळिशीला आलेले माझे यजमानसुद्धा.

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी यजमानांना पनवेलला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि पत्र आठवडाभर माझ्या ट्रंकेत पडून होतं. दादांना सांगायची त्यांची छाती होईना. नेमकं त्याच आठवड्यात दादांनी घरात मासे पाळायचे ठरवले. "घट्ट एकत्र पोहणारेच हवेत. पोरांना वळण लागेल."

चष्म्याच्या कामासाठी मीही त्यांच्याबरोबर मुंबईला गेले. दुकानात दादांनी प्रत्येक काचेच्या पेटीवर छत्रीची मूठ ठोकून पाहिली. तासाभराने दुकानदार म्हणाला, "काका, मासे घेताय की त्यांना कवायत शिकवताय?" शेवटी बारा पट्टेवाले झेब्रा पसंत पडले. ठोकलं की सगळे मिळून मुठीएवढे होत. येताना लाँचमध्ये शेजारची कोळीण बरणीत डोकावली. "एवढुशे? यांचा कालवन कसा करशील रं बाबा?" दादांनी बरणी उपरण्याखाली झाकली.

घरी आणलेल्या काचेच्या पेटीत दोन दिवस मासे गठ्ठ्याने पोहले. तिसऱ्या दिवशी एक वर, दोन तळाशी, एक पार कोपऱ्यात. दादा अस्वस्थ झाले. ठक! गोळा झाले. पाच मिनिटांनी पुन्हा ठक!

रविवारी दुपारी पंगत बसली होती. दादांनी उठून पुन्हा काच ठोकली आणि एक मासा उसळून फरशीवर पडला. कोणी हलेना. यजमानांचा घास हातातच राहिला. मी वाटीने मासा उचलला, पाण्यात सोडला आणि बोलले, "दादा, ते घाबरतात तेव्हा गोळा होतात. भीती गेली की आपापले हिंडतात. आणि यांना पनवेलला नोकरी लागलीय. उद्या सकाळच्या मोटारीने आम्हाला निघायचंय."

दादा पेटीकडून माझ्याकडे वळले. "पत्र कधी आलं?"

"आठ दिवस झाले."

"आणि कोणी बोललं नाही?"

"तुमच्या हातात छत्री होती ना."

त्यांनी छत्री खुंटीला अडकवली. जेवले मात्र नाहीत.

सकाळी भुरभुर पावसात ते मोटारीपर्यंत आले, छत्रीशिवाय. धोतर भिजलेलं. खिडकीशी येऊन म्हणाले, "सुमती, खाणं टाकलं की बाराही वर येतात. ठोकावं लागत नाही. सणाला या."

आता पनवेलला दोन पोरांसह आमची चौघांचीच पंगत असते. कोणी न्हाणीत असलं की मी अजून भाताला हात लावत नाही. सवय, दुसरं काय.