ऑइली नसावे

याद्या करणं हा माझा स्वभाव आहे, आणि चाकणच्या आमच्या कंपनीत त्याचाच मला पगार मिळतो. क्वालिटीचा प्रत्येक तक्ता माझ्या सहीनेच भिंतीवर लागतो.

मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट ठरलं, तेव्हा मी आधीच्या ऑडिटचे शेरे काढले. त्यात एकच इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा होता. जमीन ऑइली, ट्रॉलीचे दांडे ऑइली, रजिस्टरची पानंसुद्धा ऑइली. घरी येऊन मुलाच्या डिक्शनरीत बघितलं. तेलाचा, तेलाने माखलेला, तेलकट, आणि माणसाबद्दल असेल तर, गोड गोड बोलून काम साधणारा. शेवटचा अर्थ आमच्या शॉपफ्लोअरला लागू नव्हता. शेऱ्यात आलेला शब्द म्हणजे दोष, एवढं मला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी बावीस ओळींची यादी तयार झाली. पहिल्या ओळीपुढे ‘ऑइली नसावे’ टाइप केलं आणि तेच खाली शेवटपर्यंत ओढलं. वेळ वाचला. एकोणिसावी ओळ होती, ‘पॅकिंग टेबल व त्यावरील पार्ट’.

आमचे पार्ट म्हणजे लोखंडी पिना. पॅक करण्याआधी त्यांना गंज धरू नये म्हणून तेलात बुडवतात. पॅकिंगच्या मावशी हे काम सहा वर्षं कंत्राटावर करत होत्या. लातूरकडच्या, चिखलीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. यादी लागली त्या सकाळी त्यांनी मला अडवलं आणि एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, पार्टाचं बी तेल पुसायचं का?”

“यादीत आहे ना?”

“हाय की. पर गंजंल ना ते.”

“मावशी, ऑडिट तुम्ही घेणार आहात का?”

त्या हसल्या. “मी घेतलं तर समदे नापास हुतील,” म्हणाल्या आणि चिंध्या आणायला गेल्या.

ऑडिट झकास झालं. पाहुण्यांनी टेबलावर पांढरा टिश्यू फिरवला, तो पांढराच राहिला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या याद्यांचं कौतुक केलं. मीही मान लववून ते घेतलं.

दहा दिवसांनी गिऱ्हाइकाकडून ऑडिटच्याच आठवड्यातल्या मालाचे फोटो आले. पिना तांबूस झाल्या होत्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, तुमच्यासारखी शिस्त कंपनीत कुणाला नाही,” चहा पुढे करत ते म्हणाले. “त्या बाईने तेलच लावलं नाही बघा. तिचं कंत्राट महिनाअखेर संपतंय, पुढे वाढवायचं नाही. तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये ‘कामगाराची चूक’ एवढं लिहा. तुमचं प्रमोशनही आहेच की.”

डिक्शनरीतला शेवटचा अर्थ तेव्हा मला वापरासकट कळला. चहा मी अर्ध्यावर ठेवला.

भिंतीवरची यादी काढायला गेले. काढून फाडली असती तरी कुणी विचारलं नसतं. ऑडिट संपलं होतं. मावशींनी मला विचारलं होतं, हे त्या आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. पण एकोणिसाव्या ओळीवर तेलाचा गोल डाग होता, बोटाएवढा. बावीस ओळींपैकी तेवढी एकच कुणीतरी नीट वाचली होती.

तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. “त्यांनी मला विचारलं होतं. मी पुसायला लावलं. सही माझी आहे.”

“अहो, तुम्ही कशाला अंगावर घेताय?”

“माझ्याच अंगावरचं आहे, साहेब.”

रिपोर्टमध्ये मी ‘यादीतील चूक’ असं लिहिलं. मावशींचं कंत्राट वाढलं. माझं प्रमोशन पुढच्या वर्षावर गेलं, अत्यंत गोड शब्दांत.

आता यादी भिंतीवर लावण्याआधी मी ती पॅकिंग टेबलावर नेते. मावशी एकेक ओळ बोटाखालून घालतात. कागद खराब होतो. परवा एका नव्या इंजिनिअरने तो चिमटीत धरून विचारलं, “मॅडम, ही ऑइली कॉपी बदलून देऊ का?”

“नको,” मी म्हटलं, “तीच तपासलेली आहे.”