दोन बोटं आखूड बाही

शालिक जिजाजींच्या प्रत्येक शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड असायची. ही शिंप्याची चूक नव्हती, शिंप्याला तशी ताकीद होती. गोंदियाच्या बाजारात त्यांचा ठरलेला शिंपी होता. तो माप घेताना दर वेळी आशेनं विचारायचा, "सेठ, इस बार दोनों बराबर कर दूँ?" आणि जिजाजी मनगट त्याच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "अरे भाई, शर्ट किसके लिए पहनते हैं?" लोक अंग झाकायला कपडे घालतात, हा माणूस घड्याळ उघडं राहावं म्हणून घालायचा. नमस्कारात डावा हात वर यायचा, डोकं खाजवायचं तर डाव्या हातानं, आणि रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर उजवीकडचं गावही डाव्याच हातानं दाखवलं जायचं.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलताईचे यजमान. त्यांच्याविषयी मी 'ते' आणि 'त्यांना' असं लिहिते आहे ते रीत म्हणून. त्यांनी कमावलेलं त्यात काही नाही. सडक अर्जुनीजवळ त्यांच्या बापाची धानाची जमीन होती. हायवे रुंद झाला तसे बांध्यांचे, म्हणजे धानाच्या खाचरांचे, प्लॉट झाले, आणि कालपर्यंत रोवणीच्या चिखलात पिंढऱ्यांपर्यंत बुडालेला माणूस पांढऱ्या चपला घालून फिरू लागला. पैसा आला की कुणी देवळाला कळस चढवतं, कुणी निवडणुकीला उभं राहतं. जिजाजींनी घड्याळं घेतली. एक दुबईहून, दोन नागपूरहून, आणि रायपूरच्या शोरूममध्ये तर त्यांचं येणंजाणं सासुरवाडीपेक्षा जास्त होतं. मी सडक अर्जुनीलाच शाळेत शिकवते, त्यामुळे प्रत्येक नवं घड्याळ पाहण्याचं भाग्य मला पहिल्या आठवड्यातच लाभायचं.

"टाइम तं मोबाइलबी दाखवते, मास्तरीनबाई," ते म्हणायचे. "घडी मानूस दाखवते."

"मग मनगटाला आरसाच बांधा की. स्वस्त पडेल," मी एकदा म्हटलं. ते खूप हसले. मला वाटतं, त्यांना ते कळलंच नाही.

त्यांच्याकडे प्रत्येक प्रसंगाचं वेगळं घड्याळ होतं. बँकेत जाताना चामडी पट्ट्याचं, तहसीलीत जाताना पोलादी, लग्नाला गुलाबी सोन्याचं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, भर दुपारी दंडारीचा नाच रंगतो. मंडईला जिजाजी पिवळ्या सोन्याचं बांधत. पहिल्या रांगेत बसून शेजारच्याच्या खुर्चीच्या पाठीवर डावा हात पसरून ठेवत. समोर पोरं घाम गाळून नाचत असायची आणि हा गृहस्थ दर दोन मिनिटांनी मनगट उन्हात वळवून बघायचा. शेजाऱ्यानं विचारलंच नाही तर स्वतःहून सांगायचा, "हे चाबी देणारी नाही हो. हाताच्या हालचालीवर चालते. मानूस जित्ता असला का घडी जिती."

माझे बाबा गेले तेव्हाची गोष्ट. जिजाजी आले ते काळ्या तबकडीचं, काळ्या पट्ट्याचं घड्याळ बांधून. मी रडत होते, तरी माझ्या नजरेला ते पडलंच. न पडून कसं चालेल, बाही तशीच शिवलेली. ताईनं मला हळूच सांगितलं, "मयतीची आहे ते. घेऊन ठेवली होती." घेऊन ठेवली होती! बाबा दवाखान्यात होते तेव्हाच. पुढे कधीतरी मी याबद्दल टोकलं तर म्हणाले, "काऊन? दुःखाचीबी एक लाइफस्टाइल असते, मास्तरीनबाई. तुमी लोक कुठंबी तेच कपडे घालून जाता."

अग्नी दिल्यावर पुरुष चुलबंद नदीवर आंघोळीला उतरले. नदीला तेव्हा गुडघाभर पाणी. माझ्या चुलतभावानं म्हटलं, "जिजाजी, घडी काढून ठेवा, भिजन." त्यावर त्यांनी डावा हात पाण्यात बुडवून दाखवला आणि म्हणाले, "हे तीनशे मीटर खोल पान्यात चालते गा." सगळ्या जिल्ह्यातलं पाणी एका ठिकाणी आणून ओतलं तरी तीनशे मीटर होईल का नाही, देव जाणे. पण बापाची राख अजून गरम होती आणि आमचा जावई गुडघाभर पाण्यात हात बुडवून समुद्राच्या गोष्टी करत होता. चुलतभाऊ ही गोष्ट हसत हसत सांगतो. मला कधी हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा तिरस्कार करते, आणि हे लिहिताना मला कुणाची परवानगी घ्यावीशी वाटत नाही.

त्यांची घड्याळं त्यांना लखलाभ होती. माझा जीव तुटायचा तो ताईसाठी. त्या घरात ती घड्याळांच्या खालच्या पायरीवर राहत होती, आणि ते तिला ठाऊक होतं.

निजायच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात एक पेटी, पेटीत मखमलीच्या वाट्या, आणि प्रत्येक वाटी विजेवर संथपणे गोल फिरायची. न वापरलेली घड्याळं बंद पडू नयेत म्हणून त्यांना असं झुलवत ठेवावं लागतं म्हणे. मे महिन्यात मी एकदा दुपारी गेले तर लाइट गेलेली. आमच्याकडचा मे म्हणजे भिंतीसुद्धा तापतात. ताई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, पदरानं मान पुसत होती. वरचा पंखा बंद.

"इन्व्हर्टर आहे ना गं तुमच्याकडे?"

"आहे ना," ती म्हणाली. "पन पंखा लावला का लवकर उतरते. यायच्या पेटीले पुरत नाही मंग."

मी खोलीत जाऊन पाहिलं. सगळं घर घामानं निथळत होतं आणि सहा घड्याळं आपापल्या वाटीत आरामात गिरक्या घेत होती. मी पेटीची पिन काढून फेकली आणि पंखा लावला. ताई धावत आली, तिनं पंखा बंद करून पिन परत लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जाशीन घरी. मले इथंच राहाचं आहे, कुंदा." मी त्या दिवशी तिच्यावरही चिडले. कितीतरी दिवस तिच्याकडे गेले नाही.

मग मीनलचं लग्न निघालं. मीनल ताईची एकुलती एक. मुलगा मीनलनंच निवडला होता, तुषार. चिचगडला जनावरांचा डॉक्टर, घरची शेती चोरखमाऱ्याच्या धरणाखाली, माणसं शांत. बघण्याच्या दिवशी जिजाजींनी त्याला शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. त्यांची नजर सरळ मनगटावर गेली.

"डॉक्टर मानूस अन् हात रिकामा?"

"दिवसातून दोनतीनदा हात गाईच्या पोटात घालावा लागते जी," तुषार हसून म्हणाला. "घडी आतच राहून जाईन एखाद्या दिवशी."

सगळे हसले. मीनल तर तोंडाला ओढणी लावून हसली. जिजाजी हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "मनगट पाह्यलं का खानदान समजते. पन पोट्टा सरकारी आहे, चालन. मनगट आपन भरू."

आमच्याकडे साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मुलीचा बाप होणाऱ्या जावयाला टिळा लावतो, कपडे देतो आणि त्याच्या हातात घड्याळ बांधतो. घड्याळ साधंच असतं, मानाचं. तुषारनं मीनलकडून आधीच कळवलं होतं की कपडेही नकोत, घड्याळ तर नकोच, नुसता टिळा लावा. हा निरोप जिजाजींपर्यंत ताईनं पोचवला होता. त्यांनी ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी रायपूरला गेले.

हायवेवरच्या लॉनमध्ये साक्षगंध होतं. दोन्हीकडची माणसं, गावचे प्रतिष्ठित, जिजाजींच्या धंद्यातले झाडून सगळे. जिजाजींनी माइक हातात घेतला आणि घड्याळाची ओळख करून दिली. कुठल्या देशात बनलं, आत किती माणकं आहेत, वर्षाला अशी किती बनतात. पोरीविषयी एक शब्द नाही. मग पेटी उघडून ते तुषारसमोर गेले. तुषार उठून उभा राहिला, हात जोडले.

"मामाजी, टिळा लावा, आशीर्वाद द्या. घडी नको. मी आधीच सांगतलं होतं."

"अरे, घे गा. पुरे जिल्ह्यात कोनापाशी नाही अशी."

"म्हनूनच नको जी."

माइक चालूच होता, त्यामुळे हे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. जिजाजींचा चेहरा लाल झाला. "घडी नाही तं टिळा नाही," ते म्हणाले. "रिकाम्या मनगटाच्या हातात मी पोरगी देत नाही. अर्ध्या गोंदियाले मी सांगून ठेवलं आहे."

तुषारचे वडील, साधा शेतकरी माणूस, गळ्यातला दुपट्टा सारखा करत उठले. "चाला गा, उठा," ते आपल्या माणसांना म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. मीनल पाटावर बसलेली, तिच्या मांडीवरचे तांदूळ खाली सांडले. एका घड्याळापायी हा माणूस लेकीचं लग्न मोडणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यानं ते मोडलंही असतं. त्याला वाटत होतं, समोरचे वाकतील.

तेव्हा विमलताई उठली. मी तिला चार माणसांत मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"थांबा जी सोयरे," ती म्हणाली. "पोरगी माझीबी आहे."

तिनं पाटाजवळचं टिळ्याचं ताट उचललं. घाईत तिनं इतकं कुंकू घेतलं की निम्मं तुषारच्या सदऱ्यावर पडलं. पण टिळा लागला. तुषार वाकला, तिच्या पाया पडला. त्याचे वडील पुन्हा खाली बसले. कुणीतरी घाईघाईनं वाजंत्री सुरू केली. जिजाजी पेटी घेऊन तसेच उभे होते, आणि शेवटी, मी शपथेवर सांगते, फोटोवाल्याला म्हणाले, "डब्याचा फोटो घे."

त्यानंतर ते ताईशी कितीतरी महिने बोलले नाहीत. लग्नाला उभे राहिले, पण पाहुण्यासारखे. जावयासाठी आणलेलं घड्याळ स्वतःच्याच मनगटावर चढवून मांडवभर हिंडले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, "पोट्ट्याची लायकी नव्हती."

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी ओसरीत चहा घेत बसले होते, कप कलंडला, खेळ आटोपला. मी पोचले तेव्हा त्यांना खाली घेतलं होतं. म्हातारी माणसं म्हणाली, अंगावरचं सोनंनाणं काढा. अंगठ्या निघाल्या. घड्याळ निघेना. त्याची पकड कुठून उघडते हे घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. शेवटी तुषार जवळ बसला.

"थांब बाबू," ताई म्हणाली. "मले धरू दे आधी."

तिनं त्यांचा डावा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या हिरव्या बांगड्या घड्याळावर आपटून वाजल्या.

"बांगड्याइनं काचेवर ओरखडे पडतेत म्हनत," ती म्हणाली. सांगत होती मला, बघत होती त्या हाताकडे. "घड्या आल्या तवापासून हा हात धरू देल्ला नाही. बजारात गेलो तरी मी उजव्या अंगानं. झोपतानीबी."

बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा मी त्यांना परत पाठवलं. त्या हातांनी अजून किती सोसायचं असतं?

दोन महिन्यांनी ताईनं घड्याळं विकायला काढली. आम्ही दोघी नागपूरला, ज्या दुकानातून त्यांनी त्यातली दोन घेतली होती तिथेच गेलो. दुकानदार अदबशीर माणूस. त्यानं भिंग लावून एकेक पाहिलं आणि म्हणाला, "साहेबांनी फार जपून वापरली हो."

ताईनं विचारलं, "काचेवर ओरखडे नाहीत ना जी? बांगड्याइचे?"

तो हसला. "बांगड्यांचे? ताई, ही साधी काच नाही. हिच्यावर हिराच ओरखडा काढू शकतो. घासून पाहा ना."

ताई घाबरली. त्यानं घड्याळ तिच्यापुढे सरकवलं. तिनं मनगट खाली आणून बांगडी काचेवर हळू घासली, मग जोरात घासली. हिरवी भुकटी पडली, ती दुकानदारानं फडक्यानं पुसली. काच होती तशीच होती.

"यायले मालूम होतं का हे?" ताईनं विचारलं.

"अर्थात. घेताना आम्ही प्रत्येकाला असंच घासून दाखवतो."

ताईनं बांगड्या मनगटावर मागे सारल्या. व्यवहार उरकून आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर गर्दी होती. ताई माझ्या उजवीकडून चालत होती. मधेच थांबली, मागून वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आली, आणि बसस्टँडपर्यंत माझा डावा हात घट्ट धरून चालली.